नाल्यावरचे दगड तलावात कसे गेले

सावंगखेडच्या तलावाच्या कामात शाखा अभियंता ढवळे यांनी मला फसवलं आणि मी गावाला फसवलं. गावाने कोणाला फसवलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण संपादकांनी माझ्याकडे धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले आहेत, आणि मी एकदा गमतीत शिरलो की हे राहून जाईल.

माझा धंदा गाळाचा. तलावातला, धरणातला गाळ यंत्राने काढायचा आणि टिप्परने शेतात नेऊन टाकायचा. अकोल्यात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर क्लीनर म्हणून लागलो, पुढे स्वतःचा ट्रॅक्टर, मग एक जुनी जेसीबी, मग पोकलेन. बापाने मला दोन गोष्टी दिल्या, आवाज आणि राग. भाव करायला मी माझा मीच शिकलो. बाजारात वांगी घेणाऱ्या बायकांच्या मागे उभा राहून शिकलो. मला अजून कोणी भावात हरवलेलं नाही. या लेखात त्याचाच पश्चात्ताप आहे.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पावसात उतारावरची माती वाहते, नाल्याला लागते आणि तलावात येते. धावतं पाणी तलावात शिरलं की मंदावतं, आणि मंदावलं की ओझं खाली ठेवतं. जडशीळ सामानवाले प्रवासी पहिल्या थांब्यावर उतरतात, तसे गोटे आणि रेती तलावाच्या तोंडाशीच उतरतात. बारीक माती शेवटच्या थांब्यापर्यंत, म्हणजे धरणाच्या भिंतीपर्यंत जाते. म्हणून भिंतीजवळचा गाळ लोण्यासारखा, आणि शेतकऱ्याला हवा असतो तोच. पण भिंतीच्या पायथ्याशी खणायचं नसतं. पाया उघडा पडला की भिंत झिरपायला लागते. यावरून माझी जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नाहीत.

अचलपूरचे एक म्हातारे वकील होते. वकिली सोडून वडिलोपार्जित शेतात लक्ष घालायला लागले होते. पांढरंशुभ्र धोतर नेसून तलावात उतरायचे. प्रत्येक टिप्परमधून चिमूटभर गाळ घ्यायचे आणि जिभेवर ठेवायचे. आमच्याकडे खारपाणपट्ट्यातली माणसं माती अशी चाखतात, खार आहे का ते कळतं. पण वकीलसाहेबांचं शेत खारपाणपट्ट्यात नव्हतंच. त्यांनी कोणाचं तरी पाहून घेतलं होतं. मी एकदा वैतागून म्हणालो, "वकीलसाहेब, मीठ कमी हाये का? आनू का घरून?"

ते शांतपणे म्हणाले, "पुंडलिकराव, साक्षीदाराला खोटं बोलायची संधी देऊ नये. माती साक्षीदार आहे." आणि टिप्पर परत पाठवला. रेती जास्त होती, हे खरंच होतं. ड्रायव्हरने जवळ पडतं म्हणून तलावाच्या तोंडाचा भरला होता. मी ड्रायव्हरवर असा ओरडलो की वकीलसाहेबांनी कानावर हात ठेवले.

परतवाड्याचे एक कुंभार उन्हाळ्यातच यायचे, पोळ्याच्या मातीच्या बैलांची तयारी करायला. त्यांना टोपलीभर गाळ पुरायचा, पण ती टोपली निवडायला ते अर्धा दिवस घ्यायचे. पोकलेन थांबलेली, ऑपरेटर बिडी ओढतोय आणि हे बोटांनी माती मळताहेत. मी डाफरलो की म्हणायचे, "तुमी खंडीनं नेता भाऊ, मी मूठभर नेतो. मूठभरवाल्याले पाह्यचं लागते."

आता धारणीकडची गोष्ट. ही गमतीची वाटेल, पण नाही. मेळघाटातल्या एका गावाच्या तलावात काम मिळेल अशी खबर होती. जीपने गेलो. रस्ता असा की पोटातलं पाणी कानात आलं. गावात पोहोचलो तर लोकांनी चहा दिला आणि एका कोरकू म्हाताऱ्याने मला तलावापर्यंत चालत नेलं. तलाव जुना, पण काठाशी पाय टाकला तर तळ लागला. गाळ नव्हताच. मी म्हटलं, मला बोलावलं कशाला? म्हातारा म्हणाला, "हमने नहीं बुलाया, साहब. आप खुद आये. क्या निकालोगे? ऊपर से आने ही नहीं देते." मग वरच्या नाल्यांकडे घेऊन गेला. प्रत्येक नाल्यात कमरेएवढे दगडी बांध आडवे घातलेले, एकापाठोपाठ एक. पाणी दगडांतून गाळून पुढे जायचं, माती मागे अडायची. आणि काठाने गवताचा पट्टा, गुरांना मज्जाव असलेला. म्हाताऱ्याने दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, "हर साल जितना गिरता है, उतना लगा देते हैं. बस."

मी दिवस फुकट गेला म्हणून शिव्या घालत परतलो. पण पाहिलं होतं. म्हणून सावंगखेडच्या वेळी मला ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

सावंगखेड हे माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. आम्ही तिला बाई म्हणतो. अकोल्याच्या दक्षिणेला टेकड्यांच्या कुशीत गाव, वर चार नाले, मध्ये तलाव, तलावाच्या खालच्या अंगाला गावाची विहीर. तलावात पाणी असलं की विहिरीला झरा असतो, तलाव आटला की विहीर आटते. गाळ भरत भरत तलाव इतका उथळ झाला होता की उन्हाळा निम्मा सरायच्या आत विहिरीत बादली आपटायची. वरून पापड आणि आत शिरा, असा गाळ. भेगा इतक्या रुंद की शेळीचा पाय अडकावा.

गाळ काढायचं मंजूर झालं आणि काम कोणाला द्यायचं याची ग्रामसभा भरली. बाई उभी राहिली. ती तेव्हा पाणी समितीवर होती. म्हणाली, "माहा भाऊ हाये, म्हून नाई सांगत. तो भांडते, पन खोटं काम नाई करत. त्याचा शबूद तो माहा शबूद." काम मला मिळालं.

पण गावाची एक अट होती, आणि ती माझे भाऊजी वसंतराव यांनी घातली होती. वसंतराव फार बोलत नाहीत. दोन हिवाळे त्यांनी गावाकडून एक काम करवून घेतलं होतं. कापसाची वेचणी झाली की प्रत्येक घराने आपल्या शेतातले दगड वेचायचे आणि एक बंडी भरून वरच्या नाल्यांवर आणून टाकायचे. ज्यांच्याकडे बैलबंडी नव्हती त्यांनी डोक्यावरून आणले. घरातलंही जे काही दगडी, निकामी होतं तेही लोकांनी टाकलं. फुटके उखळ, पाटे, जाती. बाईने तिच्या सासूचं जातं टाकलं. म्हणाली, "आता पिठाची गिरनी हाये. बसून राह्यलं होतं कोपऱ्यात. मातीच अडवू दे." चारही नाल्यांवर दगडांचे ढीग तयार होते. रचायचे बाकी होते. वसंतरावांचं म्हणणं साधं होतं, आधी नाल्यांना बांध, मग तलावातला गाळ.

"छपराले भोक हाये पुंडलिक," ते म्हणाले. "अन् तू खालचं पानी उपसाले बसला. आधी भोक बुजव."

मी म्हटलं, "भाऊजी, मशीन मले याच उन्हाळ्यात मोकळी हाये. बांध रचत बसाल तं मिरग येईन. मंग गाळ बी नाई अन् बांध बी नाई."

ते म्हणाले, "नाई आला गाळ यंदा तं पुढच्या साली."

मी म्हटलं, "पुढच्या साली मशीन दुसरीकडे जाईन. मंजुरी वापस जाईन. मंग मले नका सांगू."

ही सगळी धमकी होती. मशीन दुसरीकडे जाणार नव्हती आणि मंजुरीचं मला काही ठाऊक नव्हतं. भाव करताना समोरच्याला घाई लावायची, हा माझा जुना डाव. गावातल्या बाकी लोकांना गाळ हवाच होता, शेतात टाकायला. सगळे माझ्या बाजूने बोलायला लागले.

तेव्हा ढवळे साहेब बोलले. ते शाखा अभियंता, तिथे कामाचे प्रमुख. गोरे, नीटस, हातरुमाल घडी करून खिशात ठेवणारे. म्हणाले, "वसंतराव, तुमचं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. बांध व्हायलाच पाहिजेत. ते दुसऱ्या टप्प्यात मंजूर आहेत. पक्के, घडीव दगडांचे. पावसाळ्यानंतर लगेच सुरू होतील. तुमचे हे गोटे त्यापुढे काहीच नाहीत." सभेने टाळ्या वाजवल्या. वसंतराव उठून घरी गेले.

काम सुरू झालं आणि तिसऱ्याच दिवशी टिप्पर रुतला. ओल्या गाळात चाकं आसापर्यंत गेली. त्याला ओढायला गेलेला ट्रॅक्टरही रुतला. मी ऑपरेटरवर ओरडलो, ड्रायव्हरवर ओरडलो, गाळावर ओरडलो. तलावात उतरायला दगडांची वाट केल्याशिवाय काम होणार नव्हतं, आणि खाण लांब होती. ढवळे साहेब काठावर छत्री धरून उभे होते. त्यांनी छत्री नाल्याकडे वळवली.

"ते आहेत की ढीग," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, ते बांधाचे आहेत. गावाने आणलेले."

"दुसऱ्या टप्प्यात घडीव दगड येणारच आहेत, पुंडलिकराव. हे पडून राहतील. तुमचं काम अडलंय, त्यांचं नाही."

मी गावाला विचारायला हवं होतं. निदान बाईला. तिचं घर तलावापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण मी ज्या माणसाला एकदा भावात हरवलं त्याच्या दारात परत जात नाही, तशी माझी रीतच. वसंतरावांपुढे जाऊन 'तुमचे दगड द्या' म्हणायचं माझ्याने झालं नाही. मी पोकलेन नाल्याकडे वळवली. दोन दिवसांत चारही ढीग उचलले, तलावाच्या पोटात पसरले, वरून टिप्पर फिरवले. चांगली वाट झाली. एकही चाक पुन्हा रुतलं नाही.

बाई दुपारी भाकरी घेऊन आली तेव्हा वाट पाहून थबकली. "दगड कुठचे रे हे?"

मी म्हटलं, "येनार हायेत दुसरे. साह्यबानं सांगतलं."

"सांगतलं का लिहून देल्लं?"

"बाई, तू भाकर दे."

तिने दिली. त्याच आठवड्यात ढवळे साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागदांचा गठ्ठा ठेवला आणि मला दहा-बारा ठिकाणी सह्या करायला लावल्या. मी गाळाच्या मापाचे कागद वाचले, कारण त्यात माझा संबंध होता. बाकीचे वाचले नाहीत. वांग्यातली कीड पाहायला शिकलेल्या माणसाने कागदातली पाहिली नाही.

तलाव झाला. पहिल्या पावसाळ्यात असा भरला की लोक नारळ घेऊन काठावर आले. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मृग लागेपर्यंत टिकलं. गावाने मला शाल दिली. बाईने नवं लुगडं नेसून ती माझ्या अंगावर घातली. ढवळे साहेबांची बदली झाली होती. दुसरा टप्पा आला नाही.

पुढे काय झालं ते कोणीही सांगेल. नाल्यांना आडवं काहीच नव्हतं, माती येत राहिली. चार-पाच पावसाळ्यांत तलाव परत उथळ, होळीलाच विहिरीत बादली आपटायला लागली. मग टँकर. टँकरच्या रांगेत बायका बाईला म्हणायच्या, "तुह्या भावाले सांग ना वो, आमचे दगड आनून दे." बाईने पाणी समिती सोडली. ग्रामसभेला जाणं सोडलं. मी गेलो की पाणी द्यायची, चहा द्यायची, बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "मी सभेत उभी राह्यली होती. आता कोन्या तोंडानं बसू?"

मी माझ्या पैशाने चार टिप्पर दगड नेऊन टाकले. वसंतराव नाल्यावर येऊन पाहून गेले. "चार टिप्परात चार नाले बांधल्या जात नाईत," ते म्हणाले. "सरकारी काम पायजे. तलाठ्याकडं, ऑफिसात, समद्याइकडं जाऊन आलो. ते म्हनतात तुमच्या गावात बांध हायेत."

"कुठी हायेत?"

"कागदावर."

मी ऑफिसात गेलो. तिथल्या एका कारकुनाने बिचाऱ्याने फाइल काढून दाखवली. दुसरा टप्पा नावाची गोष्ट त्या फाइलीत कधीच नव्हती. चार नाल्यांवर दगडी बांध लोकसहभागातून पूर्ण, असा पंचनामा होता. सोबत फोटो, आपल्याच ढिगांचे, दुरून काढलेले. खाली ढवळे साहेबांची सही. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी. माझीच, तिरपी, ट्रॅक्टरच्या दिवसांत शिकलेली. बांध पूर्ण असलेल्या गावाला नवे बांध मिळत नाहीत. कारकून म्हणाला, "साहेबांनी स्वतः लिहून दिलं की झाले नव्हते, तर काहीतरी होईल. नुसत्या साक्षीदाराच्या लिहिण्याने नाही."

ढवळे साहेब निवृत्त होऊन अमरावतीत राहतात. दोनदा घरी गेलो, भेटले नाहीत. शेवटी बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर गाठ पडली. मी आवाज चढवला, ही माझी चूक. लोक पाहायला लागले. त्यांनी रुमालाची घडी काढली, कपाळ पुसलं.

"पुंडलिकराव, तेव्हा मार्चअखेर होती. बांध होणारच होते, म्हणून लिहिलं. नाही झाले. असं होतं."

"मंग आता लिहून द्या, नाई झाले म्हून."

"आता कशाला उकरता?" आणि मग हसून म्हणाले, "आणि तुम्ही का चिडता? गाळ परत आला तर काम तुम्हालाच."

मी त्यांची कॉलर धरणार होतो. धरली नाही. गाडी आली आणि ते चढले. हात वर उचलला तो तसाच राहिला, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. त्याच महिन्यात सावंगखेडचा गाळ परत काढायचं काम निघालं होतं आणि मी त्यासाठी अर्ज केला होता.

काम मिळालं. या उन्हाळ्यात पोकलेन त्याच तलावात उतरवली, आणि हे लिहितो तेव्हा काम चालूच आहे. गाळात बकेट चालते तेव्हा आवाज येत नाही, नुसता इंजिनाचा येतो. पुरुषभर खाली गेलो तेव्हा बकेटचे दात दगडावर खरवडले. ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. मी खाली उतरलो. माझीच वाट होती. वर पुरुषभर माती, चार नाले आणि टेकड्या यांच्या अंगावरून धुऊन आलेली, आणि ती अडवायला आणलेले दगड तिच्याच खाली. बकेटच्या दातात एक गोल दगड आला होता. मधोमध भोक, दाणे घालायचं. जातं. कोणाच्या घरचं ते सांगता येत नाही, गावातल्या पुष्कळ घरांनी टाकली होती. बाईनेही टाकलं होतं. मी ते धुतलं आणि तिच्या अंगणात नेऊन ठेवलं. तिने पाहिलं. आतून परात आणली, तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "एक आनलं. बाकीचे?"

बाकीचे मी काढतो आहे. या वेळी एकही टिप्पर भरायच्या आधी दगड वेगळे काढून नाल्यावर नेऊन टाकतो, ऑपरेटर कितीही कुरकुरला तरी. वसंतराव रोज सकाळी येऊन रचतात. माझ्याशी दोन शब्द बोलतात, त्यातला एक 'इकडं' असतो. पण वाटेतले निम्मे दगड टिप्परच्या चाकांखाली भुगा झालेले आहेत. एक नाला पुरता बांधला जाईल, कदाचित दुसरा अर्धा. चार व्हायला सरकारी बांध हवेत, आणि त्यासाठी तो पंचनामा खोटा ठरायला हवा.

माझ्या वाट्याचं मी केलं आहे. साक्षीदार म्हणून केलेली माझी सही खोटी होती, वाचल्याशिवाय केली होती, असं मी ऑफिसात लिहून दिलं आहे. त्याचं माझं जे व्हायचं ते होईल. ज्या ग्रामसभेत मी वसंतरावांना घाई लावून हरवलं तिथेही ते उभं राहून सांगितलं. बाई आली नव्हती. पण घराच्या दारात उभी होती, ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

ढवळे साहेब, हा दिवाळी अंक तुमच्या घरी येतो. तुमच्या टीपॉयवर पाहिला आहे, तुम्ही घरात नसल्याचं मला सांगितलं त्या दिवशी. सव्वीस जानेवारीला सावंगखेडला ग्रामसभा असते. बडनेऱ्याहून बस आहे, नाहीतर मी गाडी पाठवतो, दोन्ही बाजूंची. भांडणार नाही, हे लिहून देतो, आणि या वेळी वाचून सही करतो. तुम्ही फक्त यायचं आणि चार नाल्यांवर बांध झाले नव्हते एवढं सांगून कागदावर लिहायचं. माझ्या बहिणीचा तुम्हाला एक प्रश्न आहे, दगड कोणी नेले. मी नेले, हे तिला कळलं आहे. कोणाच्या सांगण्यावरून नेले, ते तुमच्या तोंडून हवं आहे.